उंबऱ्यावरची साखर आणि दिरांची पुडी

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ३४. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघतात. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट सोडून सासरच्या जुन्या बैठ्या घरात राहायला आल्या. खाली शहाबादी फरशी, मागे परस, परसात कढीपत्ता, जास्वंद आणि शेवगा. घरात नवरा, सासूबाई आणि नऊ महिन्यांची मुलगी.

"मार्चपासून मुंग्यांनी जीव नको केलाय," त्या लिहितात. ओट्यावर, माठाच्या तिवईवर, स्विचबोर्डातून, आणि आता बाळाच्या अंथरुणातही. स्प्रे मारला की दोन दिवस बरे जातात, मग दुसऱ्याच खोलीत रांग लागते. शेजारीण म्हणते, स्वच्छ घरात मुंग्या येत नाहीत. सासूबाई रोज सकाळी उंबऱ्याशी पीठ-साखर टाकतात. काही बोललं तर "मुक्या जिवाच्या तोंडचं काढू नये" एवढंच उत्तर. दिरांनी गावाकडून थायमेटची पुडी आणून दिलीय. पुढच्या आठवड्यात सासूबाई चार दिवस अक्कलकोटला लेकीकडे जाणार आहेत. "तेवढ्यात पुडी टाकून मोकळी होऊ का? एकदाच काय ते संपवायचंय. आणि हे माझ्याच घरात का?"

ताई, मी तुमच्या पुडीपासून सुरुवात करते. बाकी सगळं पंधरा दिवस थांबलं तरी चालेल, पुडीचं मात्र आजच बघायला हवं.

थायमेट म्हणजे फोरेट. मातीतल्या किडींसाठी शेतात गाडायचं दाणेदार विष. घरात टाकायचं औषध ते कधीच नव्हतं, आणि २०२० च्या डिसेंबरअखेर आपल्या देशात त्यावर बंदी आली. म्हणजे तुमच्याकडची पुडी एकतर कुणाच्या तरी फळीवर वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल आहे, नाहीतर त्या नावाखाली दिलेलं आणखी काहीतरी. हे विष पोटातून जातं तसं कातडीतूनही अंगात शिरतं. जिथे लेकरू रांगतंय आणि हाताला येईल ते तोंडात घालतंय, त्या घराच्या परसातसुद्धा ते नको. पुडी उघडू नका, मोरीत ओतू नका, कचऱ्यात टाकू नका. दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधून वर कुलपात ठेवा आणि दिरांनाच परत न्यायला सांगा. ती कुठे द्यायची हे त्यांनी गावच्या कृषी सहायकांना विचारावं. चुकून कुणाच्या अंगाला लागली तर कपडे काढून साबणाने भरपूर धुवा. आणि दरदरून घाम, तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, हातपाय थरथरणं यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जाताना पुडी सोबत न्या.

दिरांनी वाईट हेतूने दिलेली नाही, हे मलाही कळतं. एकेकाळी घरोघरी हेच चालायचं. मुंग्यांवर टाकायची ती उग्र वासाची पांढरी पावडर आठवते ना? ती बीएचसी, १९९७ पासून बंद. तिच्या मागून आलेलं लिंडेन २०१३ पासून बंद. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेलं फॉलिडॉल, म्हणजे मिथाइल पॅराथिऑन, २०१८ मध्ये बंद झालं. तरी आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत नाव-गाव नसलेली पावडर मिळतेच. ती घेऊच नका. जे काही घ्याल ते बंद डब्यातलं असू द्या आणि त्यावरचा रंगीत चौकोन बघा: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

आता "माझ्याच घरात का?" पत्रात हे वाक्य तुम्ही शेवटी टाकलंय, पण मला ते सगळ्यांत जास्त टोचलं. शेजारणीचा शेरा तुमच्या मनाला लागलाय. तो अर्धाच खरा आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर अर्धाही नाही.

मुंगी साखरेसाठी येते असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण तुमच्या पत्रातल्या जागा पुन्हा वाचा. माठाची तिवई. ओटा. मोरीकडची भिंत (हे तुम्ही सहज लिहून गेलात). एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, काळी माती वाळून तडकते आणि जमिनीतल्या वारुळाचा ओलावा उडतो. अंड्यांना, अळ्यांना ओल लागते. मग मुंग्या ओल शोधत निघतात, आणि अख्ख्या गल्लीत ओल कुठे असते? आपल्या घरात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून आपण बॅरल, हंडे, टाक्या भरून ठेवतो. माठ पाझरतो. कूलरखाली फरशी सदा दमट. त्यात शहाबादीच्या सांधी: वर थंड दगड, खाली भुसभुशीत भर. मुंगीला याहून चांगली जागा आपणही शोधून देऊ शकलो नसतो. फ्लॅटमध्ये तुम्ही तिसऱ्या मजल्यावर टाइल्सवर होता, इथे जमिनीला टेकून आहात. तुमची झाडलोट तीच आहे, बदललं ते घर. शेजारणीला पाहिजे तर हे वाचून दाखवा. किंवा नको, तिच्या माठाखाली एकदा नजर टाका, पुरे.

सांडलं-लवंडलं पुसावं, गुळाचा डबा घट्ट लावावा, शेंगा चटणीची बरणी पुसून ठेवावी (तेलाचा एक ओघळ म्हणजे मुंग्यांना जेवणाचं आमंत्रण), हे सगळं खरंच. पण त्याने रांग कमी होईल, वारूळ हलणार नाही.

आणि स्प्रेचं कोडं. रांगेत दिसतात त्या फक्त बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या आणि बहुतेक कामकरी आतच असतात. तुम्ही रांग मारता तेव्हा फक्त कोठाराकडे निघालेले हमाल मरतात. त्यातून घरातल्या बारीक पिवळसर मुंग्यांची आणखी एक खोड आहे. त्यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. वर विष पडलं की वसाहत फुटते. एक राणी थोड्या कामकऱ्यांना घेऊन देवघरामागे, दुसरी कपाटाखाली. दोन दिवसांनी दुसऱ्या खोलीत रांग लागते ती अशी. आमच्या साखर पेठेतल्या माहेरी मी स्वतः फरशीच्या सांधीत रॉकेल ओतलं होतं. पहिला दिवस विजयाचा. तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातल्या निरांजनातून मुंग्या निघाल्या आणि भाकरीला आठवडाभर रॉकेलचा वास आला. आई काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

हळदीची रेघ, हिंग, लवंग, कापूर, कडूनिंबाचा पाला, मुंग्यांचा खडू यांबद्दलही तुम्ही विचारलंय. पहिल्या पाचांनी मुंगी वाट बदलते, घर बदलत नाही. पाहुणे यायच्या दिवशी तेवढंही पुरतं म्हणा. खडूची गोष्ट वेगळी. दिसायला शाळेतल्या खडूसारखा असला तरी त्यात कीटकनाशक असतं. रांगतं बाळ असलेल्या घरात जमिनीवर त्याची रेघ ओढू नका.

मग करायचं काय? मुंगीला मारायला जाऊ नका, तिच्याच हाती डबा द्या.

मोठ्या कामकरी मुंगीला घन अन्न गिळता येत नाही, ती रस पिते. पोटातला रस ती वारुळात जाऊन एकमेकींच्या तोंडात देते आणि तसा तो राणीपर्यंत पोचतो. म्हणून विष असं हवं की नेणारी मुंगी वाटेत मरणार नाही. हळू मारणारं. त्यासाठी जुना, स्वस्त आणि खात्रीचा पदार्थ म्हणजे बोरिक ॲसिड, जे आपल्याकडे कॅरमच्या पाटावर टाकायची पावडर म्हणून सर्रास वापरतात. औषधाच्या दुकानातून मागून घ्या, म्हणजे डब्यावर नाव वाचता येईल.

आधी एका संध्याकाळी परीक्षा घ्या. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर गुळाचा खडा, दुसऱ्यावर तेलात कालवलेला शेंगदाण्याचा कूट. दोन्ही रांगेजवळ ठेवा आणि तासाभराने बघा. वारुळात अळ्या जास्त असल्या की त्यांना तेल-प्रथिनं लागतात, एरवी गोड. हे दर काही आठवड्यांनी बदलतं, म्हणून "मागच्या वेळी चाललेलं औषध या वेळी खातच नाहीत" अशी तक्रार पुष्कळांची असते.

गुळाकडे गेल्या तर: एक मोठा पेला (साधारण २५० मिली) कोमट पाणी, दोन मोठे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा बोरिक ॲसिड. नीट विरघळू द्या. अर्ध्या चमच्याच्या वर जाऊ नका. जास्त घातलं की मुंग्या वाटेतच मरतात किंवा तोंडच लावत नाहीत, आणि सगळी मेहनत पाण्यात. इथेच आपल्या गावाची एक गोम आहे. आपल्या उन्हात पाणी सकाळचं दुपारपर्यंत उडून जातं, विषाचं प्रमाण आपोआप वाढतं. तेव्हा द्रावण उघड्या झाकणात न ठेवता कापसाच्या बोळ्यावर घ्या, बोळा आइस्क्रीमच्या रिकाम्या डबीत ठेवा, डबीच्या कडेला दाभणाने चार भोकं पाडा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. सावलीत, संध्याकाळी मांडा. उन्हाळ्यात मुंग्यांची खरी वर्दळ दिवेलागणीनंतर असते. रोज बोळा बदला. कुटाकडे गेल्या तर दोन चमचे कूट, थोडं तेल आणि पावडरीची चिमूट, डबी तीच.

डबीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा. डबी ओट्याच्या मागे, फ्रिजच्या मागे, जिथे बाळाचा आणि मांजराचा हात पोचणार नाही तिथेच. कालवायला वापरलेला चमचा पुन्हा स्वयंपाकात नको, आणि उरलेलं द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. बोरिक ॲसिड थायमेटसारखं जहाल नाही, पण लहान मुलांच्या पोटात जाऊ देण्यासारखंही नाही.

आता धीराचा भाग. पहिल्या दोन दिवसांत मुंग्या वाढतील. डबीभोवती झुंबड उडेल. नवरा म्हणेल, "अगं, आणखी बोलावल्यास काय?" त्या वेळी हात स्प्रेकडे जाऊ द्यायचा नाही, रांगही पुसायची नाही. आठवड्याभरात रांग विरळ होते. पुरतं थांबायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ओट्यावरच्या बाकीच्या वाटा मात्र साबणाच्या पाण्याने पुसा. मुंगी जाताना वासाची रेघ मारत जाते. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी आगमुंगीच्या (डसली की आग होते ती लाल मुंगी) पोटातली एक बारीकशी ग्रंथी चिरडून काचेवर नुसती रेघ ओढली, तर मुंग्या वारुळातून निघून त्या रेघेवरून धावत सुटल्या. कोरड्या फडक्याने ती रेघ जात नाही, साबणाने जाते.

फरशीच्या सांधी पांढऱ्या सिमेंटने बुजवा, पण शेवटी. आधी बुजवल्या तर आतल्या मुंग्या दुसरं भोक पाडतात आणि तुमची डबी तिसऱ्याच ठिकाणी राहते. माठाखाली रोज कोरडं फडकं फिरवा, कूलरखालचं पाणी काढा.

बाळाच्या पलंगासाठी पंधरा दिवस थांबू नका, आज रात्रीच करा. पलंग भिंतीपासून वीतभर दूर, चादर-मच्छरदाणी जमिनीला टेकायला नको, आणि चारही पायांना वीतभर उंचीवर पेट्रोलियम जेलीचा जाड पट्टा. जुन्या पद्धतीने पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या असतील तर त्यात साबणाचे दोन थेंब घाला, म्हणजे मुंगी तरंगून पार जात नाही. पण पाणी दोन दिवसांनी बदलाच. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि पाणी साठवून ठेवणाऱ्या आपल्या गावाला ते वेगळं सांगायला नको. दूध पाजल्यावर बाळाची मान, हाताच्या वळ्या ओल्या कापडाने पुसा. लाल मुंगी चावून एखादा फोड आला तर धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवा. मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना.

स्विचबोर्डात काहीही फवारू नका. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घ्या आणि भिंतीतली मोकळी भोकं बंद करा.

परसाकडे जरा निवांत बघा, कारण तिथली प्रत्येक मुंगी आपली शत्रू नाही. शेवग्यावर चढणारे ते मोठे काळे मुंगळे झाड खात नाहीत. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण किंवा कढीपत्त्यावर मावा असेल, तर त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंगळ्यांची ये-जा असते. गवळ्याने म्हशी राखाव्यात तसे ते मावा राखतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. मुंगळे मारून उपयोग नाही, म्हशी घालवा. पाण्याचा जोरदार फवारा, किडके शेंडे छाटणं, आठवड्याने निंबोळी अर्क. कढीपत्त्यावर दुसरं काही मारू नका, तो आमटीत जातो.

कडकडून चावणाऱ्या लाल मुंग्यांचं भुसभुशीत वारूळ बाळ खेळतं तिथे असेल, तर ते मात्र काढायलाच हवं. ही मुंगी मुळात आपली नव्हेच. अमेरिका खंडातली, स्पॅनिश जहाजांतून जगभर गेलेली. पहाटे, मुंग्या वरच्या थरात असताना, उकळतं पाणी सावकाश ओता. आठवड्याने पुन्हा, लागलं तर तिसऱ्यांदा. बादलीभर गार पाणी ओतून काही होत नाही. आपली 'मुंगीला मुताचा पूर' ही म्हण एकट्या मुंगीसाठी आहे, वारुळासाठी नाही. झाडाच्या बुंध्याशी असेल तर उकळतं पाणी नको, मुळं भाजतील. तिथे डबीच ठेवा. काम हाताबाहेर गेलं आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलंत तर परवाना बघा, घरात फवारणीऐवजी मुंग्यांचं जेल लावायला सांगा आणि औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे आले तर एक नीट बघा. बारीक कंबर आणि पुढचे पंख मोठे, ती मुंगी. कंबर नाही आणि चारही पंख सारख्याच लांबीचे, ती वाळवी. वाळवी मुंगी नव्हेच, वरचं काहीही तिला लागू नाही. चौकटी-दारं तपासून घ्या.

आता सासूबाई. त्या गेल्या की गुपचूप उरकायचं, हे मला पुडीइतकंच धोक्याचं वाटतं. चार दिवसांत मुंग्या संपणार नाहीत, आणि परत आल्यावर उंबऱ्याशी मेलेल्यांचा सडा दिसला तर मुंग्यांपेक्षा चिवट पाहुणा घरात शिरेल: अबोला. शिवाय तुम्ही समजता तेवढ्या त्या तुमच्या विरुद्ध नाहीत. "काळ्या आल्या तर येऊ द्या, लाल नकोत" असं त्या म्हणतात ना? तुम्ही ते भाबडेपणा म्हणून लिहिलंय. पण सैरावैरा पळणारी काळी चावत नाही आणि लाल डसते, हे बघून-बघूनच कुणीतरी शकुनात बसवलेलं आहे. त्यांची नजर तुमच्यापेक्षा तयार आहे. रांग कुठून निघते, हे शोधायचं काम त्यांना द्या.

साखरेचं म्हणाल तर अडचण दयेची नाही, जागेची आहे. उंबऱ्यावर साखर म्हणजे वाट थेट घरात. आणि शेजारी बिनविषाचं ताजं जेवण मिळत असताना तुमच्या डबीकडे कोण येईल? त्यांना असं सांगून बघा: "आई, बाळाच्या अंथरुणात मुंग्या येतायत. तीन आठवडे साखर बंद ठेवू, मग रोज शेवग्याच्या पलीकडे, कुंपणाशी टाका." नातीचं नाव निघालं की बहुतेक आज्या हट्ट सोडतात. डबीत काय आहे तेही त्यांना सांगा. लपवून ठेवलंत आणि त्यांनी ती कचरा समजून उचलली तर?

अक्कलकोटला जायच्या आधीच हे बोला. त्या तिकडे असतील ते चार दिवस साखर आपोआप बंद असेल, तेव्हा डब्या मांडायला तोच मुहूर्त धरा. आणि परीक्षेच्या संध्याकाळी गुळावर झुंबड पडली की कुटावर, हे मला कळवा. माझ्या ओट्यावर सध्या दोन्हींकडे बघायला तयार नसलेली एक रांग आहे.